मध्यम आणि स्पष्ट : जीपीएसमधली दोन पंचांगं

नागपुरात वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहीवर मेट्रो आहे. सकाळी या पुलाखालीच गाडी सुरू केली की तिच्यातला जीपीएस ट्रॅकर लोकेशन घेता घेत नाही. तो बसवणारे सांगतात, ‘पंचांग उतरतंय, साडेबारा मिनिटं थांबा.’ आकडा खरा, कारण चुकीचं. गोंधळ त्या ‘पंचांग’ शब्दातच आहे.

जीपीएसचा उपग्रह कक्षेची माहिती दोन प्रकारे पाठवतो. अल्मनॅक म्हणजे सगळ्या उपग्रहांच्या ढोबळ कक्षा; एफिमेरिस म्हणजे फक्त त्याची स्वतःची काटेकोर कक्षा. मराठीत दोन्हींना पंचांग म्हणून टाकतात. खरं तर आपल्या ज्योतिर्गणितात नेमके शब्द कधीचे आहेत: मध्यम ग्रह आणि स्पष्ट ग्रह. सरासरी गतीने काढला तो मध्यम. त्याला संस्कार दिले की स्पष्ट. एफिमेरिसमध्ये असेच संस्कार असतात. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याने कक्षेत जो फरक पडतो, त्यासाठी साइन-कोसाइनची सहा पदं तिच्यात येतात. अल्मनॅकमध्ये ती नसतात. मध्यम कक्षा कित्येक आठवडे कामाला येते, स्पष्ट कक्षा साधारण चार तासांत शिळी होते. हे शब्द रुळावेत असं मला मनापासून वाटतं.

१९७८ साली पहिला उपग्रह गेला. संदेशाचा वेग सेकंदाला ५० बिट. मूळ नागरी सिग्नलवर आजही तोच. स्पष्ट कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. अल्मनॅक ३० सेकंदांच्या २५ चौकटींत तुकड्यातुकड्याने येतो, म्हणून साडेबारा मिनिटं. जुन्या रिसीव्हरला एका वेळी मोजकेच उपग्रह ऐकू येत. बटण-सेलवर जपलेला अल्मनॅक, शेवटची जागा आणि वेळ यांवरून आत्ता डोक्यावर कोण आहे ते तो ठरवी. सेल मेला की आंधळी शोधाशोध.

आजची चिप सगळं आकाश एकदम चाळते, तिचं अल्मनॅकवाचून अडत नाही. पुलाखाली अडतं ते एफिमेरिसपाशी. घड्याळाची दुरुस्ती धरून हा १८ सेकंदांचा मजकूर किमान चार उपग्रहांकडून धड ऐकू यावा लागतो. मध्ये खांब आला की हुकलेल्या तुकड्यासाठी पुढची फेरी. गाडी मिनिटभर मोकळ्या आकाशाखाली उभी केली तर बहुतेक वेळा काम होतं.

मोबाइलने वाट बदलली: एफिमेरिस नेटवर्कवरून घ्यायची. त्यामुळे सीताबर्डीत फोन काही सेकंदांत जागा सांगतो. पण सकाळी शहरात घेतलेली एफिमेरिस दुपारी पेंचच्या जंगलात शिळी झालेली असते. तिथे रेंज नसली आणि पुढच्या दिवसांच्या अंदाजी कक्षा साठवलेल्या नसल्या, तर त्या फोनलाही सेकंदाला ५० बिटांनीच आकाश ऐकावं लागतं.