एक्सचेंज प्रोग्रॅम फक्त सायन्सवाल्यांसाठी? अजिबात नाही

"परदेशात एक्सचेंजला (काही काळ तिकडच्या युनिव्हर्सिटीत शिकायला) जाणं म्हणजे सायन्स-इंजिनीअरिंगवाल्यांचं काम, आर्ट्सवाल्यांना कोण बोलावतंय" हे इतक्या वर्षांपासून फिरतंय की भाषा, इतिहास, समाजशास्त्र शिकणारी हुशार मुलं फॉर्मसुद्धा भरत नाहीत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण खरं तर उलट आहे. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर युनिव्हर्सिटीतून प्रोफेसर रेमंड किर्कब्राइड ८ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले, कशासाठी तर फ्रेंच शिकायला, आधी नान्सी शहरात राहून भाषा पक्की केली मग पॅरिसला सोर्बोन युनिव्हर्सिटीत, आणि अमेरिकन कॉलेजांची ती तिसरं वर्ष परदेशात काढायची पद्धत तिथूनच रुजली. म्हणजे सुरुवातच भाषेपासून!

दुसरी भीती, वर्ष वाया जातं. युरोपात १९८७ पासून चालू असलेल्या इरॅस्मस या एक्सचेंज प्रोग्रॅममध्ये निघायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट होतं, तिकडे कुठले कोर्स, किती क्रेडिट, त्याच्या बदल्यात इकडचे कुठले पेपर, सगळं त्यात लिहायचं आणि खाली तीन सह्या, एक तुमची, एक तुमच्या युनिव्हर्सिटीची, एक तिकडची. ठरलेले कोर्स पास झालात की क्रेडिट इकडे धरले जातात. पण सह्या व्हायच्या आत विमानाचं तिकीट काढू नका, एवढं ऐकाच.

फीचं म्हणाल तर एक्सचेंजमध्ये साधारणपणे ट्यूशन फी आपल्याच युनिव्हर्सिटीत भरायची, तिकडे वेगळी नाही. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र असतो, तो आधीच नीट मांडून बघा.