पर्स्पेक्स ते पॉलीकार्बोनेट: जुन्या रॅली-रेसच्या गाड्यांतल्या हलक्या तावदानांची पार्श्वभूमी

जुन्या रॅलीच्या गाडीला काचेऐवजी प्लास्टिकची तावदानं दिसली की सगळे त्यांना सरसकट 'पर्स्पेक्स' म्हणतात. गाडी 1960 च्या दशकातली आणि तावदानं तेव्हाचीच असतील, तर हे नाव बहुधा बरोबर असतं. तावदानं गेल्या वीसेक वर्षांत बसवलेली असतील, तर बहुधा चूक. पर्स्पेक्स म्हणजे ॲक्रेलिक, आणि आज जुन्या गाड्यांसाठी कापून मिळणारे संच असतात पॉलीकार्बोनेटचे. दोन्ही पारदर्शक, दोन्हींचं वजन जवळपास सारखं, पण स्वभाव अगदी उलटे. बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन पदार्थांची गल्लत केल्यामुळे होतात.

आधी वजनाचा हिशोब. काचेची घनता पाण्याच्या 2.5 पट, म्हणजे 4 मि.मी. जाडीची एक चौरस मीटर काच 10 किलो भरते. पॉलीकार्बोनेटची घनता 1.2. तेवढ्याच क्षेत्राचं 4 मि.मी. शीट 4.8 किलोचं आणि 3 मि.मी. शीट 3.6 किलोचं. दारं, मागच्या बाजूच्या खिडक्या आणि मागची काच मिळून दीड चौरस मीटर धरलं आणि 4 मि.मी. काचेच्या जागी 3 मि.मी. शीट घातलं, तर साडेनऊ किलो वाचतात. दारातलं काच वरखाली करणारं यंत्र काढलं की आणखी थोडे. आकडा लहान वाटेल, पण हे सगळं वजन गाडीच्या कमरेच्या वरचं आहे. तिथला एक किलो वळणावर जितका जाणवतो, तितका फरशीवरचा जाणवत नाही.

पहिला मान ॲक्रेलिकचा. जर्मनीत डार्मश्टाट इथे ओटो रोमच्या कंपनीने 1933 मध्ये ते 'प्लेक्सिग्लास' नावाने आणलं. ब्रिटनमध्ये आयसीआय या रसायन कंपनीने त्याच सुमारास 'पर्स्पेक्स' काढलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरचे फुगीर घुमट याच पदार्थाचे होते. युद्ध संपलं तेव्हा शीट होतंच, आणि ते भट्टीत तापवून साच्यावर वाकवणारे हातही होते. रेसच्या गाड्या बांधणाऱ्यांना याहून सोयीचं काय हवं होतं?

1962 च्या फेरारी 250 जीटीओच्या बाजूच्या आणि मागच्या खिडक्या प्लेक्सिग्लासच्या होत्या. 1960 च्या दशकाच्या मध्यात लान्चियाने फुल्विया एचएफ काढली. तिचं बोनेट आणि दारं ॲल्युमिनियमची, बाजूची-मागची तावदानं प्लेक्सिग्लासची. 1967 ची पोर्शे 911 आर मोजकीच बनली, सुरुवातीच्या नमुन्यांखेरीज जेमतेम वीस. सुमारे 800 किलोच्या त्या गाडीतही हाच उपाय होता. बीएमडब्ल्यूने 1972 च्या 3.0 सीएसएलमध्ये पातळ पत्रा वापरला, दारं-बोनेट-डिकी ॲल्युमिनियमची केली आणि बाजूच्या खिडक्यांना प्लेक्सिग्लास लावलं. ब्रिटिश मिनीचं काम तर आणखी सोपं होतं. 1969 पर्यंत तिच्या दारातल्या काचा मुळातच सरकत्या होत्या, वरखाली होणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे सपाट शीट कापून त्याच खाचेत सरकवलं की झालं.

हे कारखान्यांना सुचलं ते नियमांमुळे. रॅली आणि टूरिंग कारच्या वर्गांत गाडी 'होमोलोगेट' करावी लागे, म्हणजे तिचे सगळे भाग एका कागदावर नोंदवून मंजूर करून घ्यावे लागत. हलकी तावदानं त्या कागदावर आली की ती कायदेशीर, नाही आली तर बाद. पन्नासेक वर्षांनी हाच कागद पुन्हा टेबलावर येतो, त्याबद्दल पुढे.

पुढची काच मात्र जवळजवळ सगळ्यांनी काचच ठेवली. वायपरच्या रबराखाली धूळ अडकली की ॲक्रेलिकवर काही मिनिटांतच चंद्रकोरीसारखे ओरखडे उठतात, आणि रात्री समोरून दिवे आले की त्या ओरखड्यांतून फक्त पांढरा झगमगाट दिसतो. आजही एफआयएच्या, म्हणजे मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या, रॅली नियमांत पुढची काच लॅमिनेटेडच लागते, म्हणजे मधे पातळ पडदा असलेली दुहेरी काच. दगड लागला तर ती तडकते, पण जागेवर राहते.

ॲक्रेलिकचं खरं दुखणं अपघातात कळलं. ते गाडीच्या बाजूच्या काचेसारखं बारीक चुरा होत नाही, मोठ्या टोकदार फाकांमध्ये फुटतं. थंडीत तर दार जोरात आपटलं तरी स्क्रूच्या भोकापासून तडा जाऊ शकतो.

पॉलीकार्बोनेटचा जन्म 1953 चा, आणि तोही जुळा. जर्मनीत उर्डिंगेन इथे बायर कंपनीच्या हर्मान श्नेलने ते बनवलं आणि अवघ्या काही दिवसांत अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्सला तेच स्वतंत्रपणे सापडलं. फॉक्स शोधत होता तारांवर द्यायचा विद्युतरोधक लेप. भांड्यातला पदार्थ ढवळणीभोवती घट्ट जमला, काच फोडून गोळा बाहेर काढला, आणि तो काही केल्या फुटेना. प्रयोगशाळेत त्या गोळ्याने खिळे ठोकले गेल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पेटंटचा निकाल लागण्याआधीच दोन्ही कंपन्यांनी एकमेकांना परवाना द्यायचं ठरवलं होतं. अग्रक्रम बायरला मिळाला. दशकाच्या अखेरीस बायरचं मॅक्रोलॉन आणि जनरल इलेक्ट्रिकचं लेक्सान ही दोन नावं बाजारात आली. आज लेक्सान सॅबिक कंपनीकडे आहे आणि मॅक्रोलॉन बायरमधून वेगळ्या झालेल्या कोवेस्ट्रोकडे.

मग गाड्यांमध्ये ते लगेच का आलं नाही? तीन कारणं. ते ॲक्रेलिकपेक्षाही मऊ, सहज ओरखडा पडावा इतकं. उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडणारं. आणि पेट्रोल-थिनरला भलतंच नाजूक. पहिल्या दोन अडचणी हळूहळू सुटल्या. शीट ओढतानाच त्यावर अतिनीलरोधक थर चढवण्याची पद्धत रुळली, आणि 1970 च्या दशकापासून सिलिकॉनवर आधारित कडक लेप असलेली शीटं मिळू लागली. त्याच काळात एफ-16 विमानाच्या अख्ख्या घुमटासाठी पॉलीकार्बोनेट निवडलं गेलं, कारण पक्षी आदळला तर ते लवतं, फुटत नाही. तिसरी अडचण अजून तशीच आहे.

फेरारी एफ40 च्या सुरुवातीच्या गाड्यांना सरकत्या प्लास्टिक खिडक्या होत्या, नंतरच्यांना वरखाली होणारी काच आली. स्पर्धेच्या मैदानावर मात्र वारं फिरलं. एफआयएच्या रॅली नियमांत बाजूच्या काचांना आतून कमाल 100 मायक्रॉनची पारदर्शक फिल्म लावणं सक्तीचं झालं, त्यातून सूट फक्त पॉलीकार्बोनेटला.

आता तो कागद. ऐतिहासिक स्पर्धांसाठी एफआयएचं 'अपेंडिक्स के' आहे, आणि त्याचं तत्त्व एकच: गाडी तिच्या काळात जशी धावली, तशीच आजही असावी. ज्या मॉडेलच्या नोंदीत प्लास्टिक तावदानं नाहीत, त्याला ती लावून वजन कमी करता येत नाही. म्हणून शीट कापण्याआधी आपल्या गाडीचा होमोलोगेशन फॉर्म आणि स्पर्धेच्या वर्गाचा नियम वाचा. किमान जाडी वर्गानुसार बदलते. दारात 3 मि.मी. घालून मोकळे झालात आणि नियम त्याहून जाड मागत असेल, तर पैसे पाण्यात. रस्त्यावरचा नियम वेगळाच. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 100 वा नियम पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड मागतो, आणि वापरलेला माल प्रमाणित सुरक्षा काच किंवा ग्लेझिंग असावा लागतो. बाजारातून आणलेलं साधं शीट त्यात बसत नाही.

बसवताना पहिला धक्का बसतो तो लवचीकतेचा. काचेचा कडकपणा 70 गिगापास्कल, पॉलीकार्बोनेटचा 2.4. म्हणजे सारख्या जाडीचं शीट काचेच्या तीसपट लवतं. काचेइतकं ताठ हवं तर 12 मि.मी. जाडी लागेल, मग वजन वाचलं कुठे? ताशी 200 किलोमीटरला वाऱ्याचा दाब सुमारे 1,900 पास्कल असतो. त्याच्या निम्मी ओढ जरी मागच्या अर्ध्या चौरस मीटरच्या तावदानावर आली, तरी ते 48 किलोच्या जोराने बाहेर खेचलं जातं. रबरातून सुटून मागची काच ट्रॅकवर उडते ती अशी. जुन्या टूरिंग कारच्या मागच्या काचेवर ॲल्युमिनियमच्या दोन उभ्या पट्ट्या दिसतात, त्या यासाठीच. पट्टीखाली निओप्रीन रबराचा तुकडा हवा, नाहीतर ती शीटमध्ये खाच पाडते.

मूळ रबर 5-6 मि.मी. काचेसाठी असेल तर 4 मि.मी. शीट त्यात सैल बसतं. खाच अरुंद असलेलं दुसरं रबर घ्या किंवा कडेला पट्टी चिकटवून जाडी भरून काढा. रबर ईपीडीएम किंवा निओप्रीनचंच. मऊ पीव्हीसीतून निघणारं तेल शीटमध्ये शिरतं आणि वर्षभरात कडेला जाळी पडते.

साचा जुन्या काचेवरून 6 मि.मी. एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा) काढा आणि चारी बाजूंनी 2 मि.मी. फट सोडा. ही फट शोभेची नाही. एक मीटर शीट 40 अंश तापलं की 2.8 मि.मी. वाढतं, पत्रा जेमतेम अर्धा मि.मी. जागा नसेल तर तावदान पोट काढतं. कापताना वरची फिल्म काढू नका, बारीक दातांचं पातं घ्या. कड कानशीने सरळ करून 240 आणि मग 400 च्या पॉलिश पेपरने घासा. आतला कोपरा काटकोनी कधीच ठेवू नका, गोलाई द्या. पॉलीकार्बोनेट एरवी हातोड्याला दाद देत नाही, पण एका खाचेतून सुरू झालेला तडा बघता बघता आरपार जातो.

5 मि.मी. स्क्रूसाठी 8 मि.मी. भोक, आणि भोकाचा मध्य कडेपासून किमान 16 मि.मी. आत. रुंद वॉशर, त्याखाली रबर. स्क्रू हाताने टेकेपर्यंत आणि वर पाव फेरी, बस्स. शंकूच्या डोक्याचा स्क्रू वापरू नये. तो पाचरीसारखा भोक रुंदावत राहतो, आणि दोन-तीन महिन्यांत त्याच्याभोवती चांदणीसारखे तडे दिसू लागतात. स्क्रूचे आटे पक्के करायचं द्रव औषध (थ्रेडलॉकर) इथे विषच. स्क्रू ढिला होतो म्हणून एक थेंब टाकतात आणि भोकाभोवतीचं शीट भुगा होतं. त्याऐवजी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट, वापरा.

वाकवायचं तर थंडच वाकवता येतं, पण मर्यादेत. लेप नसलेल्या शीटला त्रिज्या जाडीच्या दीडशेपट तरी ठेवा: 3 मि.मी. ला 450 मि.मी., 4 मि.मी. ला 600. कडक लेपाच्या शीटला त्याहून बरीच मोठी, नाहीतर लेपाला बारीक चिरा पडतात. त्याहून खोल वळण हवं असेल तर तापवणं आलं, आणि तापवण्याआधी वाळवणं. शीट हवेतला ओलावा पितं. 120-125 अंशांवर 3 मि.मी. शीट सहाएक तास वाळवलं नाही, तर तापताच आत बुडबुडे येतात. घाई करणारे इथेच फसतात.

शीटवरच्या फिल्मवर अतिनीलरोधक बाजू कुठली ते छापलेलं असतं. ती बाहेर यायला हवी. उलटं बसलं तर पहिल्या उन्हाळ्यात काही दिसत नाही, तिसऱ्यात दिसतं. पुसायला कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण. धूळ आधी पाण्याने वाहून जाऊ द्या. ब्रेक क्लीनर, ॲसिटोन, थिनर, अमोनियाचा काच-स्प्रे आसपासही नको. ताण असलेल्या जागी यांची नुसती वाफ लागली तरी तडे जातात. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन, व्हिनेगरसारखा वास येणारं नव्हे.

दारात छोटं सरकतं तावदान ठेवतात ते हवेसाठी आणि सहचालकाला वेळ नोंदवायचं टाइम कार्ड बाहेर देता यावं म्हणून. पण गाडी उलटली आणि दार अडकलं, तर हे शीट मार्शलच्या (स्पर्धेच्या मार्गावरच्या मदतनिसाच्या) हातोड्याने फुटत नाही, हे बांधतानाच लक्षात घ्यावं. निदान एक तावदान बाहेरून, हत्याराशिवाय निघेल अशा पाव फेरीच्या खिट्ट्यांवर बसवा.

जुनी गाडी विकत घेताना तावदान कशाचं आहे हे बघायचं असेल, तर कडेचा बारीक तुकडा पुरतो. वाकवल्यावर कट्‌कन मोडला तर ॲक्रेलिक, दुमडला तर पॉलीकार्बोनेट. पकडीत धरून पेटवला तर ॲक्रेलिक गोडसर वास देत शांतपणे जळत राहतं. पॉलीकार्बोनेट काळी काजळी सोडतं आणि ज्योत काढली की विझतं. हे गाडीपासून लांब करा.