हाक मारू नका, खाली बसा

पहाटेचे साडेपाच. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या पायथ्याशी गिरिपुष्पाच्या झाडांमागे तपकिरी रंगाचं काहीतरी हललं आणि काकूंच्या तोंडून जोरात हाक गेली, "चिकूऽऽ! बाळा, इकडे ये!" चिकू, म्हणजे त्यांचा हरवलेला कुत्रा, थबकला. कान मागे पडलेले, शेपूट पोटाखाली. क्षणभर त्याने सरळ काकूंकडे पाहिलं आणि मग उलट्या दिशेने असा सुटला की दिसेनासा झाला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गेटबाहेर सुतळी बॉम्ब फुटला तेव्हापासून तो बेपत्ता होता. तीन वर्षं ज्यांच्या पलंगावर झोपला, त्याच बाईला पाहून पळाला. काकू तिथेच दगडावर बसल्या. "मला ओळखलंच नाही हो त्याने."

हे वाक्य हरवलेली कुत्री शोधणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने ऐकलेलं असतं. त्यात अपमान असतो, अपराधीपणा असतो आणि थोडा रागही. त्यावर "तसं नाही हो काकू" एवढंच बोलून भागत नाही, कारण ओळखलं नाही हे बऱ्याच अंशी खरंच असतं. पण त्याचा कृतघ्नपणाशी संबंध नसतो. कारण शरीरात असतं.

आधी त्या बॉम्बचं पाहू. आपल्याकडच्या नियमानुसार फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलच्या आत असावा लागतो. म्हणजे कायद्यात बसणारा फटाकासुद्धा कान बधिर करणारा असतो. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, पण हा हिशेब मोकळ्या मैदानाचा. दोन इमारतींमधल्या बोळात आवाज भिंतींवर आपटत राहतो आणि नेमका कुठून आला तेच कळत नाही. त्यात कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० हर्ट्झच्या आसपास. फिनलंडमध्ये १३,७०० हून अधिक कुत्र्यांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली आले. त्यातली जवळपास एक तृतीयांश कुत्री आवाजाला घाबरणारी निघाली आणि आवाजांमध्ये पहिला नंबर फटाक्यांचा. तिकडे आपल्यासारखी चार-पाच दिवसांची दिवाळी नसते, तरीही.

स्फोट झाला की मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या भागातून धोक्याची घंटा वाजते. पुढचं हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने १९१५ सालीच मांडून ठेवलं आहे: ॲड्रेनलिन उसळतं, हृदय धावू लागतं, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं, पचन थांबतं. लढा किंवा पळा. घाबरलेल्या कुत्र्यापुढे उकडलेलं चिकन ठेवलं तरी ते हुंगतही नाही, ते यामुळेच. ॲड्रेनलिनचा भर लवकर ओसरतो, पण मागोमाग येणारं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, रेंगाळतं. विजांच्या गडगडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना अमेरिकेत वादळाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून त्यांची लाळ तपासली, तेव्हा कॉर्टिसॉल २०७ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं आणि चाळीस मिनिटांनंतरही ते मूळ पातळीवर आलेलं नव्हतं. हे घरात, मालक शेजारी असताना. रस्त्यावर सुटलेल्या कुत्र्याला चाळीस मिनिटं तरी शांत कोण देतो? आधी फटाका, मग रिक्षाचा हॉर्न, मग परक्या गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी, मग "पकड पकड" करत मागे लागलेली पोरं. पहिली भीती उतरण्याआधी दुसरी चढते.

भीतीने शिकलेलं पुसलं जातं, हे सर्वांत विलक्षण रीतीने दिसलं ते एका पुरात. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, नेव्हा नदीचं पाणी शहरात घुसलं. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत होती. पाणी इतकं चढलं की ती छताला नाकं लावून पोहत होती. पिंजऱ्यांची दारं खालच्या बाजूला असल्यामुळे बाहेर काढण्यासाठी त्यांना आधी पाण्याखाली ओढावं लागलं. वाचवणाऱ्याच्याच हातांनी बुडण्याचा अनुभव! कुत्री वाचली, पण प्रयोग पुन्हा सुरू झाले तेव्हा काहींची पक्की मुरलेली सवय, म्हणजे ठरलेला संकेत मिळताच लाळ सुटणं, गायब झालेली होती. समोरचं अन्नसुद्धा ती खाईनात.

पावलॉव्हचा सहकारी स्पेरान्स्की यापैकी एका कुत्र्याच्या मागे चिकाटीने लागला. त्याच्या लक्षात आलं की प्रयोग करणारा नेहमीचा माणूस दाराबाहेर न थांबता खोलीत येऊन बसला, की हरवलेल्या सवयी परततात. माणूस बाहेर गेला की पुन्हा गुल. इतकंच काय, त्या माणसाचे कपडे कुत्र्याच्या नजरेआड ठेवले तरी नुसत्या वासाने फरक पडायचा. पुढे कुत्रं पूर्ववत झाल्यावर स्पेरान्स्कीने दाराखालून पाण्याची बारीकशी धार आत सोडली. कुत्रं दचकून उठलं, धापा टाकू लागलं आणि सगळं शिकलेलं पुन्हा पुसलं गेलं.

शंभर वर्षांपूर्वीच्या या नोंदींत आजच्या रेस्क्यूची निम्मी विद्या आहे असं मला वाटतं. चिकूला 'चिकू' हा शब्द शिकवलेला आहे, तो जन्मजात नाही. भीतीच्या पुरात तो शब्द वाहून गेला. शिवाय काकूंचा आवाज त्या दिवशी नेहमीचा नव्हताच. दोन रात्री न झोपलेल्या, रडवेल्या बाईची किंकाळी होती ती. घाबरलेल्या माणसाच्या घामाचा वासही कुत्र्यांना कळतो. २०१८ साली नेपल्सच्या संशोधकांनी भीतिपट पाहणाऱ्या माणसांचा घाम कुत्र्यांना हुंगायला दिला, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ती परक्या माणसाला टाळून मालकाला बिलगू लागली. इथे बिलगायला मालक कुठला, घाबरलेला वासच मालकाचा!

डोळ्यांचाही भरवसा नाही. आपल्याला जे ७५ फुटांवरून स्पष्ट दिसतं ते कुत्र्याला २० फुटांवर यावं तेव्हा तितकं स्पष्ट दिसतं. मात्र हालचाल टिपण्यात ते वाकबगार. १९३६ साली पोलिसांच्या चौदा कुत्र्यांची चाचणी झाली होती. हलणारी वस्तू त्यांतल्या तरबेज कुत्र्यांनी ८१० ते ९०० मीटरवरून हेरली, पण तीच स्थिर असताना ५८५ मीटरच्या पलीकडे कुणाला दिसली नाही. म्हणजे टेकडी चढत हात हलवणाऱ्या काकू चिकूच्या लेखी काकू नव्हत्या, त्याच्या दिशेने येणारं काहीतरी मोठं होतं. खात्री पटते ती नाकाने. अटलांटातल्या एमोरी विद्यापीठात बारा कुत्र्यांना जागेपणी, न बांधता, एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवलं आणि वेगवेगळे वास दिले. मेंदूतला सुखाशी निगडित भाग सर्वांत जास्त उजळला तो घरच्या माणसाच्या वासाने. स्वतःच्या आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या वासाहूनही जास्त. पण वास वाऱ्यावर येतो. वारा काकूंकडून चिकूकडे वाहत नसेल तर ओळख पटणार कशी?

म्हणून आम्ही स्वयंसेवकांनी काकूंना सांगितलं की उद्या न धुतलेला गाऊन आणि चिकूची गोधडी घेऊन या. नवीन बेडशीट नको. आणि हाक मारायची नाही.

स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर आयुष्यभर प्राणिसंग्रहालयं चालवत होता. त्याने पलायन-अंतर ही कल्पना मांडली. प्रत्येक प्राण्याभोवती एक अदृश्य रिंगण असतं. त्याच्या बाहेर तुम्ही उभे राहा, तो नुसता पाहील. एक पाऊल आत टाका, तो पळेल. पाळीव कुत्र्याचं हे रिंगण एरवी शून्य असतं, भीतीने ते एका रात्रीत पन्नास-शंभर मीटरचं होऊ शकतं. पाठलाग केला की दोन गोष्टी बिघडतात. एक तर त्याला धडा मिळतो की पळालं की सुटका होते, आणि हा धडा दर वेळी अधिक पक्का होतो. दुसरं म्हणजे जी जागा त्याने लपायला बरी म्हणून निवडली होती तीही सुटते. पन्नास जण टेकडीवर पसरून हाका मारतात तेव्हा मला त्यांचा कळवळा कळतो, पण त्यापेक्षा ते घरी झोपले तर कुत्रं लवकर सापडेल, हेही खरं.

मग करायचं काय? बसायचं. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून, रिंगणाच्या बाहेर, वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहील असं. डोळ्यांत बघायचं नाही. नॉर्वेच्या श्वानप्रशिक्षक तुरिद रुगास यांनी कुत्री एकमेकांना शांत करण्यासाठी वापरतात त्या खुणा टिपून ठेवल्या आहेत: मान वळवणं, जांभई देणं, ओठ चाटणं, जमीन हुंगत बसणं. स्वयंसेवक तेच करतो. कुरकुरे खाल्ल्यासारखं करून एखादा तुकडा 'चुकून' खाली पाडतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वेडा वाटतो, त्याला इलाज नाही. जवळ आलेल्या कुत्र्यावर झडप घालायचा मोह मात्र आवरायचा. ती हुकली की आठवड्याची मेहनत पाण्यात. भुलीचं इंजेक्शन दुरून मारणं सिनेमात सोपं असतं. प्रत्यक्षात औषध चढायला मिनिटं लागतात, उसळलेलं ॲड्रेनलिन त्याला आणखी रोखतं आणि तेवढ्यात कुत्रं हायवेवर पोचतं.

दुसरं एखादं शांत, माणसाळलेलं कुत्रं सोबत असेल तर काम फार हलकं होतं. वादळाच्या त्याच प्रयोगात ज्या घरांत एकाहून अधिक कुत्री होती, तिथलं कॉर्टिसॉल कमी वाढलं आणि लवकर उतरलं. शेपूट हलवत गवत हुंगणारा सोबती दिसला की घाबरलेल्याला जणू निरोप मिळतो, इथे ठीक आहे.

परदेशी पुस्तकांत मात्र एक गोष्ट सापडत नाही: आपल्या गल्ल्या. तिकडे खाऊ ठेवून पिंजरा लावला की त्यात हरवलेलं कुत्रं येतं, फार तर रकून. आपल्याकडे रात्रीतून गल्लीतली चार भाऊबंद मंडळी जेवून जातात. त्यांची हद्द ठरलेली असते, आणि परकं कुत्रं दिसलं की ती त्याला पुढच्या हद्दीपर्यंत हुसकतात. तिथून पुढची टोळी. म्हणून आपल्याकडची हरवलेली कुत्री बहुधा जिथे टोळ्या नाहीत तिकडे सरकतात: टेकडी, नाल्याचा काठ, बंद पडलेलं बांधकाम, लष्कराची भिंत. गर्दी आटते त्या वेळी, पहाटे तीन ते सहाच्या सुमारास, हालचाल करतात. त्या वेळी जागं कोण असतं? दूधवाले, पेपरची पोरं, सोसायटीचे वॉचमन, कचरा वेचणाऱ्या मावश्या, पहिली कढई चढवणारा वडेवाला. ड्रोनपेक्षा ही मंडळी भारी. चिकू टेकडीच्या या बाजूला आहे हे आम्हाला कळलं ते एका कचरावेचक मावशींकडून. "तो बेल्टवाला? नाल्यात पाणी पितो रोज, पण जवळ नाही येत."

ही गल्लीतली मंडळीही वाटतात तितकी मठ्ठ नाहीत. आयसर कोलकाता या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्र यांच्या गटाने भटक्या कुत्र्यांवर बरंच काम केलंय. अनोळखी माणसाने दोन वाडग्यांपैकी एकाकडे बोट दाखवलं, तर जवळ येण्याचं धाडस केलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्री नेमक्या त्या वाडग्याकडे गेली. कसलंही प्रशिक्षण नाही. पण जवळपास निम्मी जवळच आली नाहीत. त्याच गटाच्या आणखी एका प्रयोगात अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा अंगावरून फिरलेला हात जास्त उपयोगी पडला. भटक्या कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या आमच्या फीडर ताईंना हे कुणी सांगावं लागत नाही.

घर सापडेल का स्वतःहून? चेक संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस पट्टे बांधून जंगलात ६२२ वेळा सोडलं. मालकाकडे नव्या वाटेने परतताना बऱ्याच कुत्र्यांनी आधी उत्तर-दक्षिण दिशेत वीसेक मीटर धाव घेतली, जणू होकायंत्र जुळवून घेतलं, आणि मग सरळ निघाली. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना जाणवत असावं, असा कयास आहे. मात्र ही कुत्री घाबरलेली नव्हती आणि त्या जंगलात पीएमपीच्या बसही नव्हत्या.

चिपबद्दल सर्रास गैरसमज आहे तोही सांगून टाकतो. कातडीखालची तांदळाएवढी मायक्रोचिप कुत्रं कुठे आहे ते दाखवत नाही. तिला बॅटरीच नसते. स्कॅनर जवळ नेला की ती फक्त पंधरा आकडी नंबर देते. म्हणजे कुणीतरी कुत्रं आधी पकडायला हवं आणि त्याच्याकडे स्कॅनर हवा. त्यापेक्षा गळ्यात मोबाइल नंबर लिहिलेला बिल्ला बरा. २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोड बांधले गेले, तेही याच विचाराने. आणि चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. ओळखीचं, लस दिलेलं कुत्रं आहे म्हणून ढिलाई नको. दोन दिवसांत ते कुणाशी भिडलं ते आपल्याला कुठे माहीत?

तिसऱ्या पहाटे काकू गाऊन पांघरून नाल्याकडे पाठ करून बसल्या. शेजारी गोधडी, आणि जरा पुढे आमची म्हातारी लॅब्रेडॉर पाय पसरून पडलेली. काकूंनी हाक मारायची नाही म्हणून तोंडावर पदर धरला होता. पाऊण तास काही नाही. मोर ओरडला, फिरायला आलेले दोघे आजोबा आम्ही हाताने परतवले. मग गिरिपुष्पांतून चिकू निघाला, लांबून वळसा घेत वाऱ्याच्या खालच्या बाजूला आला आणि नाक वर करून उभा राहिला. मी मनातल्या मनात आकडे मोजत होतो. साठच्या पुढे कुठेतरी त्याची शेपूट पोटाखालून निघाली. लॅब्रेडॉरला हुंगून झालं, गोधडी हुंगून झाली आणि मग एकदम, कुणी कळ दाबावी तसा, तो काकूंच्या मांडीत घुसला आणि कुईंकुईं करत त्यांचं तोंड चाटू लागला. काकू आता मोठ्याने रडत होत्या आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"काकू, मिठी नंतर," मी हळूच म्हणालो, "आधी पट्टा. दोन लावा. गळ्यातला एकटा नको, निसटतो." खालच्या वस्तीत भाऊबीजेच्या उरलेल्या फटाक्यांपैकी एक तेवढ्यात वाजला. चिकू जागच्या जागी उडाला, पण दोन्ही पट्टे लागलेले होते.