ताण आणि वेळेची जाणीव
टेन्शनमध्ये घड्याळ तेच असतं पण वेळ वेगळाच वाटतो, कधी सरता सरत नाही तर कधी बघता बघता संपतो. गंमत म्हणजे दोन्हीला कारण ताणच. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाचं सगळं लक्ष वेळेवरच असतं, म्हणून एकेक मिनिट जड जातं; डेडलाइन असेल तर लक्ष कामात गुंततं, वेळेकडे बघायला डोकं मोकळंच नसतं, मग तीन तास कुठे गेले कळत नाही.

यामागचं एक जुनं मॉडेल असं की मेंदूत टिकटिक करणारं काहीतरी आहे आणि त्या टिकटिकी मोजून आपण वेळेचा अंदाज बांधतो. घाबरलं की शरीर अलर्ट होतं, टिकटिक वाढते, तेवढ्याच वेळात जास्त मोजल्या जातात आणि वेळ लांबल्यासारखा वाटतो. कोळ्याची भीती असलेल्यांना 45 सेकंद कोळ्यासमोर बसवलं तर ते हा वेळ जास्त सांगतात, हे 1984 च्या एका अभ्यासात दिसलं.

अपघातात सगळं स्लो मोशनमध्ये दिसलं असं खूप जण सांगतात, आणि ते खरंच सांगत असतात. पण 2007 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना 31 मीटरवरून खाली जाळ्यात पाडलं, मनगटावर भराभर बदलणारे आकडे दाखवणारं यंत्र बांधून. स्वतःचं पडणं त्यांना इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के लांब वाटलं, आकडे मात्र नेहमीपेक्षा जास्त वेगाने काही वाचता आले नाहीत. म्हणजे डोळ्यांचा स्पीड वाढत नाही. भीतीच्या क्षणी आठवणी दाट साठतात, त्यात अमिग्डालाचा, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाचा, हात असतो, आणि मागे वळून बघताना एवढं सगळं आठवतंय म्हणजे वेळही तेवढाच लागला असणार असं मेंदू धरून चालतो, हे स्पष्टीकरण मला सगळ्यात पटणारं वाटतं.

दिवसच्या दिवस चालणाऱ्या ताणाचं वेगळं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञ रूथ ऑग्डेन यांच्या सर्व्हेत 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी वेळेचा वेग बदलल्यासारखा वाटतोय असं सांगितलं. कुणाला वेळ पळतोय वाटलं, कुणाला रेंगाळतोय, आणि ज्यांना ताण जास्त होता त्यांचा वेळ जास्त करून रेंगाळला.

साक्षीदारांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. 1987 च्या एका प्रयोगात बँक दरोड्याचा साधारण 30 सेकंदांचा व्हिडिओ बघणाऱ्यांनी तो कितीतरी लांब होता असं सांगितलं, प्रसंग जास्त तणावाचा दाखवला तेव्हा तर आणखीच. त्यामुळे ‘पाच मिनिटं चाललं होतं’ म्हणणारा साक्षीदार खोटं बोलतोय असं लगेच धरू नये.