ऑक्साइडे आणि खनिजे, बांधकाम-साहित्यातील

सिमेंट, वीट, काच, चिनी माती, रंगद्रव्ये अशा अधातू साहित्याचे रासायनिक पृथक्करण ऑक्साइडांच्या टक्केवारीत मांडण्याची पद्धत आहे. ही मांडणी हिशेबाची सोय असते, पदार्थाचे वर्णन नव्हे. सिमेंटच्या अहवालात कॅल्शियम ऑक्साइड ६३.५ टक्के लिहिलेले असते. पण त्या पोत्यात सुटा कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना, दोन-तीन टक्के जरी निघाला तरी सिमेंट फुगण्याची धास्ती असते. उरलेला सगळा चुना सिलिका (सिलिकॉनचे ऑक्साइड), ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) व लोह यांच्याशी बांधला जाऊन निराळी खनिजे बनलेली असतात. माल कसा वागेल हे ती खनिजे ठरवतात.

पद्धत जुनी आहे. पूर्वी नमुना आम्लात विरघळवून एकेक घटक साक्याच्या रूपात वेगळा काढत, तो साका जाळून ऑक्साइड म्हणून तोलत. आज क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र मूलद्रव्ये मोजते. ऑक्सिजन त्यात मोजला जात नाही, तो गृहीत धरून आकड्यांत मिळवला जातो. त्यामुळे झोतभट्टीच्या मळीतले, म्हणजे लोखंड गाळताना निघणाऱ्या काचेसारख्या टाकाऊ मालातले, सल्फाइडही कागदावर सल्फर ट्रायऑक्साइड म्हणून येते, लोखंडाचा सुटा कण फेरिक ऑक्साइड म्हणून येतो, आणि बेरीज शंभराच्या वर जाते. बेरीज ९९ ते १०१ च्या बाहेर असेल तर आधी तिचे कारण शोधावे, मग बाकीचे आकडे वाचावेत.

अहवालाच्या तळाशी तापवल्यावरची घट असते. प्रयोगशाळेत तिला एलओआय म्हणतात. सुमारे १ ग्रॅम नमुना मुशीत घालून ९५० अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत तापवतात. उडून जाते ते बहुतांशी पाणी आणि कार्बन डाय-ऑक्साइड. ताज्या सिमेंटमध्ये चुनखडीची पूड मिसळलेली नसेल तर ही घट कमी असते आणि पोती ओलाव्यात पडून राहिली की वाढते. मळीच्या बाबतीत मात्र फसगत होते. तिच्यातले सल्फाइड तापताना ऑक्सिजन ओढून घेते, म्हणून घट कमी दिसते किंवा उलट वजनच वाढते.

सिमेंट : ऑक्साइडांवरून खनिजांकडे जाण्याचे सूत्र अमेरिकन रसायनज्ञ बोग यांनी १९२९ मध्ये दिले आणि ते आजही वापरात आहे. सिमेंटला पहिल्या महिन्यात बळकटी देणारे मुख्य खनिज ॲलाइट. त्याची टक्केवारी काढण्यासाठी कॅल्शियम ऑक्साइडची ४.०७ पट घ्यायची आणि तीतून सिलिकाची ७.६० पट, ॲल्युमिनाची ६.७२ पट, फेरिक ऑक्साइडची १.४३ पट व सल्फर ट्रायऑक्साइडची २.८५ पट वजा करायची.

एक अहवाल घेऊ : चुना ६३.५, सिलिका २१, ॲल्युमिना ५.५, फेरिक ऑक्साइड ३, सल्फर ट्रायऑक्साइड २.५, मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) १.५, अल्क (सोडियम व पोटॅशियम यांची ऑक्साइडे) ०.९, तापवल्यावरची घट १.५. बेरीज ९९.४, म्हणजे ठीक. सूत्राने ॲलाइट सुमारे ५०.५ टक्के येते. आता बाकी सगळे तेच ठेवून सिलिका फक्त २२ करा : ॲलाइट थेट ४३ च्या खाली उतरते आणि त्याची जागा सावकाश बळकटी देणारे बेलाइट घेते. एका टक्क्याच्या फरकाने साडेसात टक्के खनिज हलते. म्हणून नमुना घेण्यातली किंवा यंत्राच्या अंशांकनातली अर्ध्या टक्क्याची चूकही इथे किरकोळ नसते.

याच अहवालातला दीड टक्का चुना मुक्त निघाला तर तो ६३.५ मधून आधी वजा करावा लागतो. मग ॲलाइट ४४.४ उरते. पुष्कळ जण ही वजाबाकी विसरतात. शिवाय सूत्र भट्टीत पूर्ण समतोल झाला असे धरून चालते. प्रत्यक्षात क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघालेले न दळलेले सिमेंटचे खडे, झपाट्याने थंड होतो आणि खनिजांत थोडी परकी मूलद्रव्ये शिरलेली असतात. त्यामुळे खरे ॲलाइट बहुधा सूत्रापेक्षा जास्त भरते. नेमके प्रमाण हवे असेल तर क्ष-किरण विवर्तन किंवा सूक्ष्मदर्शक यांना पर्याय नाही.

मुक्त चुना व मॅग्नेशिया : साधा कळीचा चुना पाण्यात टाकताच फुटतो, उकळतो, विरतो. १,४५० अंशांना भाजलेला चुना मात्र घट्ट कणांचा होतो आणि पाणी सावकाश घेतो. सिमेंट आवळून गेल्यावर तो विरू लागला की घनफळ जवळजवळ दुप्पट होते आणि कठीण झालेला लगदा आतून फाटतो. याची परीक्षा ल शातेलिए साच्याने करतात. ३० मिमी व्यासाच्या व तेवढ्याच उंचीच्या, एका बाजूने चिरलेल्या पितळी नळीत लगदा भरायचा. पाणी प्रमाण-घट्टपणाला, म्हणजे लगद्याच्या ठरावीक घट्टपणाला, लागते त्याच्या ०.७८ पट. साचा २४ तास पाण्यात ठेवून चिरेच्या दोन्ही बाजूंना जोडलेल्या सुयांच्या टोकांमधले अंतर मोजायचे, तीन तास उकळायचे, थंड झाल्यावर पुन्हा मोजायचे. फरक १० मिमीच्या वर गेला तर सिमेंट नापास.

मॅग्नेशिया या परीक्षेत सापडत नाही, कारण पेरिक्लेज हे त्याचे खनिज उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. त्याला दाबपात्रच लागते. म्हणून अनेक मानके एकूण मॅग्नेशियावर ५ ते ६ टक्क्यांची मर्यादा घालतात. पण तोच मॅग्नेशिया मळीत आठ टक्के असला तरी बिघडत नाही, कारण तिथे तो काचेत अडकलेला असतो, पेरिक्लेज म्हणून सुटा नसतो.

जिप्सम : सिमेंट दळताना गिरणी फार तापली तर जिप्सममधले पाणी उडून त्याचे प्लास्टर बनते. सल्फर ट्रायऑक्साइडचा आकडा तोच राहतो, पण कालवलेला लगदा काही मिनिटांत ताठ होतो. हे खोटे आवळणे. त्यात उष्णता जाणवत नाही आणि पाणी न घालता पुन्हा ढवळले की माल मोकळा होतो. जिप्सम मुळातच कमी पडले असेल तर ॲल्युमिनेट, म्हणजे चुना व ॲल्युमिना यांचे सिमेंटमधले खनिज, लगेच आवळते, लगदा गरम होतो आणि कितीही ढवळला तरी परत येत नाही. जागेवर पाणी वाढवण्याआधी हा फरक पाहावा. खोट्या आवळण्याला पाणी घालणे म्हणजे हाताने बळकटी घालवणे.

सिलिका : सगळ्यांत फसवा आकडा हाच. क्वार्ट्झच्या वाळूत सिलिका ९५ टक्क्यांच्या वर आणि सिलिका धुळीतही ८५ च्या वर. वाळू काँक्रीटमध्ये निमूट पडून राहते. मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढ्या कणांची ही स्फटिकहीन धूळ मात्र सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी जोडली जाते आणि ५ ते १० टक्के घातली तरी काँक्रीट घट्ट करते. खडीत ओपल, कॅल्सेडनी किंवा ज्वालामुखीय काच असेल तर तीही सक्रिय असते, पण नको त्या रीतीने. सिमेंटमधल्या अल्काशी तिचा लिबलिबीत पदार्थ बनतो, तो पाणी शोषून फुगतो आणि काही वर्षांनी पृष्ठभागावर नकाशासारख्या भेगा उमटतात. हे कारण अभियंता स्टँटन यांनी १९४० मध्ये कॅलिफोर्नियात दाखवले. अल्क मोजताना सोडियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियम ऑक्साइडची ०.६५८ पट मिळवतात. वरच्या अहवालातले ०.९ टक्के अल्क ०.२ सोडियमचे व ०.७ पोटॅशियमचे असेल, तर बेरीज ०.६६ येते. अशा खडीसाठी रूढ मर्यादा ०.६० आहे, म्हणजे हे सिमेंट तिथे एकट्याने वापरू नये. त्यात औष्णिक वीजकेंद्राची राख किंवा झोतभट्टीची मळी मिसळावी.

स्फटिकरूप सिलिकेची बारीक धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. दगड किंवा काँक्रीट कापताना पात्यावर पाणी सोडणे त्यासाठीच.

वीट : क्वार्ट्झचे स्फटिकरूप ५७३ अंशांना बदलते आणि भट्टी निवताना तो एकाएकी आक्रसतो. ६०० ते ५५० या टप्प्यात भट्टी घाईने उघडली तर विटांना बारीक तडे जातात आणि वाजवल्यावर त्यांचा आवाज बद्द येतो. मातीत चुनखडीचे खडे राहिले तर भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो आणि पुढे हवेतल्या ओलीने फुगून तो विटेचा तुकडा उडवतो. खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. तीच चुनखडी १ मिमीपेक्षा बारीक दळून मातीत पसरली तर त्रास देत नाही, फक्त लाल रंग फिका, पिवळसर होतो. दोन्ही विटांच्या अहवालात चुना सारखाच दिसेल.

काच : खिडकीच्या काचेत सिलिका ७० ते ७४, सोडियम ऑक्साइड १२ ते १५ व चुना ८ ते १२ टक्के असतो. सोडियम ऑक्साइड भट्टीत कोणी घालत नाही. घालतात तो धुण्याचा सोडा, आणि कार्बन डाय-ऑक्साइड उडाल्यावर उरलेला भाग काचेत मुरतो. ०.१ टक्का लोह ऑक्साइडही कडेने पाहिल्यावर हिरवट झाक देते.

पांढरा रंग : टायटॅनियम डाय-ऑक्साइडची रुटाइल व ॲनाटेज ही दोन्ही रूपे पृथक्करणात सारखीच दिसतात. रुटाइलचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) सुमारे २.७, ॲनाटेजचा २.५५, त्यामुळे रुटाइल जास्त झाकते. उन्हात ॲनाटेज भोवतीच्या राळेचे, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या बंधकाचे, विघटन करते आणि बाहेरच्या भिंतीवर हात फिरवला की खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते. बाहेरच्या कामाचे रंगद्रव्य घेताना टक्केवारीबरोबर स्फटिकरूपही लेखी मागून घ्यावे.