जिम थॉर्प, पेनसिल्व्हेनिया : सहलीला निघण्यापूर्वी

न्यू जर्सीतल्या एडिसनहून गाडीने साधारण पावणेदोन तासांवर, लीहाय नदीच्या अरुंद खोऱ्यात हे गाव आहे. बहुतेक मंडळी ऑक्टोबरमधली रंगीत पानं बघायला येतात. पानं सुंदरच असतात, पण तशी न्यू जर्सीतही दिसतात. इथे खास आहे ते कोळशाच्या पैशावर उभं राहिलेलं गाव.

म्हणून आमची सहल जुन्या तुरुंगापासून सुरू होते. १८७१ च्या या दगडी इमारतीत 'मॉली मॅग्वायर' या गुप्त संघटनेचे म्हणून पकडलेल्या आयरिश खाणकामगारांना फाशी दिलं. २१ जून १८७७ या एकाच दिवशी चौघांना. रेल्वे कंपनीने नेमलेल्या खासगी गुप्तहेराची साक्ष या खटल्यांत महत्त्वाची ठरली. सतरा नंबरच्या कोठडीत भिंतीवर हाताचा ठसा आहे. निर्दोष कैद्याचा तो हात कितीही पुसला तरी जात नाही, अशी आख्यायिका आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. १९९५ पर्यंत इथे कैदी होते.

मग टेकडीवरची एसा पॅकरची हवेली. सुतारकाम शिकून आलेला हा माणूस लीहाय व्हॅली रेल्वेचा मालक झाला. लीहाय विद्यापीठही त्याचंच. १८६१ चं हे घर मूळ सामानासकट जपलं आहे. तुरुंग पाहून आल्यावर इथली झुंबरं वेगळी दिसतात, क्रम असा ठेवण्याचं कारण तेच.

मुलांना आवडते ती १८२७ च्या स्विचबॅक रेल्वेची गोष्ट. कोळशाचे डबे उतारावरून आपोआप सुमारे ९ मैल घरंगळत यायचे. रिकामे डबे वर ओढून न्यायला खेचरं लागत, म्हणून तीही डब्यात बसून खाली यायची! पुढे लोक मजेखातर तिकीट काढून बसू लागले. रोलर कोस्टरची ही पूर्वज १९३३ पर्यंत चालली. आता रूळ नाहीत, तिथे पायवाट आहे. रेल्वेत बसायचंच असेल तर १८८८ च्या स्टेशनावरून दरीतली पर्यटक गाडी सुटते.

गावाचं मूळ नाव मॉक चंक. कोळशाचा धंदा बसल्यावर पर्यटक यावेत म्हणून गावाने १९५४ मध्ये ऑलिंपिक वीर जिम थॉर्पचं नाव घेतलं आणि त्याच्या पत्नीशी करार करून त्याला इथे पुरलं. तो स्वतः या गावात कधीच आला नव्हता! देह परत मिळावा म्हणून थॉर्पची मुलं कोर्टात गेली, पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आई-बाबांना आणणार असाल तर एक सांगतो : रस्ते चढाचे आहेत, तुरुंगात आणि हवेलीत जिनेही आहेत. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच कळवा, त्यांना स्टेशनापाशी उतरवू. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी पार्किंगचे हाल होतात, त्यामुळे शक्यतो शुक्रवार घ्या. दोन्ही वास्तूंच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात आणि तिकिटं आमच्या दरात धरलेली नाहीत. जेवणही नाही, डबा आणलात तर स्टेशनाशेजारच्या छोट्या बागेत निवांत खाता येतो.