उंची झपाट्याने वाढते तेव्हा

शाळा सुटल्यावर महिला खेळाडू मुलींचा व्यायाम घेतात, तेव्हा भर बहुधा धावण्यावर आणि दम वाढवण्यावर असतो. दहा ते तेरा या वयात त्याहून मोलाची एक गोष्ट शिकवायची असते: उडी मारून जमिनीवर नीट उतरणं.

मुलींची उंची साधारण १२व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते, वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर. आधी हाडं लांबतात, ताकद मागून येते. शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो, मेंदूचा अंदाज मात्र जुन्याच मापांचा असतो. मुलग्यांना वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे ताकदीची मोठी भर मिळते. मुलींना ती बरीचशी सरावानेच कमवावी लागते. म्हणून कालपर्यंत सहज जमणारी उडी अचानक वेडीवाकडी पडते. हा काही महिन्यांचा टप्पा आहे हे कोणी सांगितलं नाही, तर मुलगी ‘खेळ आपल्यासाठी नाही’ असं ठरवून यायचं बंद करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ सालच्या आकडेवारीनुसार ११ ते १७ वयोगटातल्या ८५ टक्के मुलींची रोज ६० मिनिटांची हालचालही होत नव्हती. मुलग्यांत हे प्रमाण ७८ टक्के होतं. स्वतः या टप्प्यातून गेलेल्या खेळाडूचा शब्द इथे मुलींना पटतो.

फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा मजबूत पट्टा) फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांच्या दोन ते तीन पट आहे. बहुतेकदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. उडीवरून उतरताना किंवा पटकन वळताना गुडघा आत वळतो आणि इजा होते. ही सवय मोडता येते. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुमारे २० मिनिटांच्या ठरावीक वॉर्मअपने दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी झाल्या.

सराव साधा आहे. १५ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पायांनी खाली उतरायचं. आधी चवडे, मग टाचा. कंबर आणि गुडघे वाकलेले, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. तीन आकडे मोजेपर्यंत तसंच थांबायचं. अशा पाच उड्यांचे तीन संच, आठवड्यातून दोनदा. दोन आठवडे हे स्थिर झालं की समोरच्या दिशेने उडी, मग एका पायावर उतरणं, शेवटी वळून उतरणं. गुडघे आत येत असतील तर पुढचा टप्पा घ्यायचा नाही. दोष बहुधा कंबरेच्या बाजूच्या स्नायूंत असतो. एका कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, बाजूचा प्लँक (कुशीवर, एका कोपरावर आणि पावलावर शरीर सरळ उचलून धरणं) हे व्यायाम वाढवावेत.

सूचना कशी देता यावर खूप अवलंबून आहे. ‘गुडघा आत नको’ म्हटलं की मुलगी गुडघ्याचाच विचार करते आणि ताठरते. ‘आवाज न करता उतर’, ‘गुडघे समोरच्या शंकूकडे रोख’ असं सांगितलं तर शरीर वाट शोधतं. हा सराव वॉर्मअपनंतर लगेच घ्यावा. दमल्यावर घेतला तर चुकीचीच सवय पक्की होते.

कसलेल्या खेळाडू इथे एक चूक हमखास करतात: स्वतःच्या सरावाची छोटी आवृत्ती मुलींना देतात. बाद होण्याचे खेळही टाळावेत, कारण जिला सरावाची सर्वाधिक गरज, तीच सर्वांत आधी कडेला बसते. दर तीन महिन्यांनी उंची मोजावी. अनवाणी, दिवसाच्या ठरावीक वेळी आणि इतरांसमोर नाही. सकाळ-संध्याकाळच्या उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून वेळ पाळायची. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरची भर दिसली तर उड्या कमी करून तोल आणि ताकदीचे व्यायाम वाढवावेत. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या उंचवट्यावर दुखत असेल, तर स्नायूबंध वाढत्या हाडाला ओढतोय असं समजावं. ताण कमी करावा, सोसायला सांगू नये. वजन मात्र मोजूच नये.

उड्या पूर्णपणे बंद करायचं कारण नाही. प्रौढपणीच्या हाडांचा सुमारे पाव भाग याच वाढीच्या दोनेक वर्षांत साठतो, आणि हाड आघाताला प्रतिसाद देतं.

पाळी आणि स्पोर्ट्स ब्राबद्दल पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने बोलावं. मुली सराव सोडतात त्यामागे बरेचदा हाच संकोच असतो. पॅड कुठे ठेवलेत हे सगळ्यांना ठाऊक असावं, मागावे लागू नयेत. पाळी सुरू असताना खेळायला हरकत नाही. आधी नियमित असलेली पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा १५ वर्षं पूर्ण होऊनही सुरू झाली नाही, तर डॉक्टरांकडे पाठवावं. पुरेसं न खाता भरपूर सराव केला की शरीर आधी पाळी थांबवतं आणि पुढे हाडं कमजोर होतात.

स्पर्धांच्या हंगामात मार्गदर्शक खेळाडू आठवडेच्या आठवडे येऊ शकत नाही, आणि तिथेच बरेच उपक्रम बंद पडतात. त्यासाठी १४-१५ वर्षांच्या दोन मुली आधीच तयार कराव्यात. उतरणाऱ्या मुलीसमोर उभं राहून त्यांनी तीनच गोष्टी पाहायच्या: आवाज, गुडघ्यांची रेष आणि तीन आकड्यांचा थांबा.